सोल्युशनच्या ट्यूबचं टोपण

काल सायकलच्या दुकानात पंक्चरच्या सोल्युशनचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मी एकदम एकोणीसशे चौतीसच्या फाल्गुनात, चांदवडच्या घाटात जाऊन उभा राहिलो.

माझा दोस्त यासीन आणि मी पहाटेच नाशिकहून निघालो होतो. मालेगावला शिवून दिवेलागणीच्या आत घरी परतायचं, अशी जिद्द. दोघांत मिळून एक पंप आणि सोल्युशनची एक ट्यूब. दोन्ही माझ्या पिशवीत. घाटात यासीनचं मागचं चाक बसलं. मी ट्यूब काढली, तर सोल्युशन वाळून दगड झालेलं. आदल्या दिवशी टोपण मीच सैल ठेवलं होतं. तोंडाने मात्र म्हणालो, "जुनी असणार रे."

यासीनने ते टोपण बोटांत फिरवून पाहिलं. मग हवेऐवजी टायरमध्ये वाळकं गवत कोंबत म्हणाला, "तू हो पुढे. एकानं तरी मालेगाव गाठायला पाहिजे."

आणि मी खरंच गेलो.

परतताना, ऊन कलल्यावर, पिंपळगावपाशी तो दिसला. गवताने फार साथ दिली नव्हती. सायकल हाताने ढकलत, धुळीने पांढरा होऊन तो चालत होता. "पोचलास ना?" एवढंच विचारलं, आणि खिशातले उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट माझ्या दमाची म्हणून सांगितली. सांगताना शेवट तेवढा गाळला, तो असा. पुढच्या सफरीला निघताना यासीनने नवी ट्यूब आणली, माझ्याच पिशवीत टाकली आणि म्हणाला, "टोपण मी घट्ट लावलंय."