खाणवाडीची हजेरी

सिन्नरच्या शाळेत दोरीवर चढायच्या शर्यतीत माझा दुसरा नंबर आला होता. शर्यतीत आम्ही दोघेच होतो. एवढ्या भांडवलावर १९८३ च्या जानेवारीत मी आणि माझा मित्र सोमा त्र्यंबकच्या पुढे, खाणवाडीवरचा सुळका चढायला निघालो.

खाणवाडी ही धरणासाठी दगड काढणाऱ्यांची वस्ती. अकरा वर्षांपूर्वी खाण बंद पडली आणि चाळीस घरं रिकामी झाली. दारांच्या कड्या लावलेल्या, चुलींवर तवे तसेच. कुत्रंसुद्धा मागे राहिलं नव्हतं. राहिला होता एकटा पुंजाराम, सुरुंगाला बत्ती देणारा. साठीचा, काटक. सुरुंगांनी डावा कान नेलेला, त्यामुळे आवाज आला की तो कुठून आला हे त्याला कळत नसे.

"वर कशाला जायचं?" त्याने विचारलं.

"झेंडा लावायला," सोमा म्हणाला.

"मंग हितंच लावा. कुणाला दिसणार हाय?"

तरी तो बरोबर यायला तयार झाला. निम्म्या कड्यावर बत्तीचा ओटा होता. तिथे उभं राहून तो बत्ती द्यायचा. खाण बंद पडल्यापासून तिथे गेला नव्हता, आणि एकट्याने जायची छाती होत नव्हती.

त्याचं कारण चढता चढता कळलं. बत्तीआधी हजेरी घ्यायची रीत होती. बत्तीवाल्याने आधी स्वतःचं नाव पुकारायचं, स्वतःच ओ द्यायचा, मग बाकीच्यांची नावं. आडोशाला बसलेला एकेक जण ओ देई. सगळे ओ आले की बत्ती. शेवटच्या दिवशी पुंजारामने स्वतःच्या पाठोपाठ धाकट्या भावाला, झुंबरला, पुकारलं. ओ आला. झुंबर मात्र आडोशाला पोचलाच नव्हता. विसरलेली पहार आणायला कड्याखाली गेला होता, तो सुरुंगात सापडला.

"मग ओ कोणी दिला?" मी विचारलं.

"वाळूनं. झुंबरचा जोडीदार त्यो. तुम्ही कालेजात दोस्ताची हजेरी लावता, तसं."

मी कॉलेजात दुसरं काही केलंच नव्हतं.

"वाळू नाय म्हणला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मंग वाडीत ज्यो त्यो दुसऱ्याकडं बघाया लागला, ह्यानं तर नसंल दिला म्हणून. अशी वाडी उठली." जरा चढून तो म्हणाला, "कुणी दिला येवढं कळलं, की मरायला मोकळा."

ओट्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाखरू नव्हतं, वारा नव्हता. पुढची वाट एका सुट्या धोंड्याने अडवली होती. पुंजारामने त्याखाली पहार घातली. सोमा अजून खाली होता. जुन्या सवयीने पुंजारामने हजेरी घेतली.

"पुंजाराम." मग स्वतःच, लांबवून, "ओ."

"सोमा."

क्षणभर काही नाही. मग ओ आला. जाड, संथ. त्यामागून आणखी काहीतरी बारीक आलं, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. पुंजारामने पहारीवर भार दिला.

मी सहज खाली वाकलो. सोमा बरोब्बर धोंड्याखाली बसून बुटातला काटा काढत होता. मी पहार धरली.

"सोमा, ओ दिलास तू?"

तो बऱ्याच वेळाने बोलला. "तोंडात लाडू आहे. ओ कसा देणार?"

पुंजाराम माझ्याकडे बघत राहिला. समोर खाणीची कापलेली भिंत सरळ उभी होती. मला एकदम उलगडलं, आणि परीक्षेत उत्तर आल्यासारखा मी बोलून गेलो, "बाबा, तो तुमचाच ओ. त्या भिंतीवरून परत येतोय."

त्याने पुन्हा ओ दिला. वाट पाहिली. पलीकडून, जिथे कोणी नव्हतं तिथून, ओ आला.

"माझाच," तो म्हणाला आणि खाली बसला. उत्तर येत असूनही कोरा पेपर द्यावा, असं मला आयुष्यात त्या एकदाच वाटलं.

सुळका राहिला. पुंजाराम त्याच दुपारी विंचूरला गेला. वाळू तिथे कांद्याच्या गोण्या उचलायचा.

चैत्रात नाशिकच्या स्टँडवर पुंजाराम दिसला. मी विचारलं, "वाळू भेटला?"

"भेटला. पाया पडलो, सगळं सांगितलं. मंग म्हणला, पुंजा, ओ मीच दिलता."

"तुमचं ओझं उतरावं म्हणून म्हणाला असेल."

"आसंल. पर म्हणताना माझ्याकडं बघितलं नाय." पुंजारामने उजवा कान माझ्याकडे केला. "भाऊ, तुम्ही शिकलेले. भिंतीचा ओ बी खरा आन वाळूचा बी खरा आसंल, तर मला एकच ओ कसा ऐकू आला?"

त्र्यंबकची गाडी लागली. तो तिच्यात चढला.