दालचिनीची चिमूट

अमेरिकेत श्रूजबरीला राहायला आल्यापासून मला एक व्यसन जडलंय, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. शनिवार मोकळा मिळाला की मी गाडी काढते आणि समुद्राच्या बाजूला फॉल रिव्हर नाहीतर न्यू बेडफर्ड गाठते. ही पोर्तुगीजांची गावं. नकाशात अमेरिकाच, पण खिडक्यांना लेसचे पडदे, परसात मांडवावर चढवलेले द्राक्षांचे वेल आणि अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी निळ्या झग्यातली मेरी. जुन्या कापडगिरण्यांच्या दगडी भिंती मागे टाकून गल्लीत वळलं की भाजलेल्या साखरेचा वास येतो. त्या वासामागे मी कुठेही जाईन.

गेल्या वर्षी आई आली आणि माझ्या व्यसनाची पंचाईत झाली. आई अंडं खात नाही, आणि पोर्तुगीज मिठाई म्हणजे अंड्यातलं पिवळं आणि साखर. पूर्वी त्यांच्या देशातल्या मठांत कपडे कडक करायला अंड्यातलं पांढरं वापरायचे आणि उरलेल्या पिवळ्याची मिठाई करायचे, असं सांगतात. हे ऐकून आईने नाक मुरडलं. साताऱ्यात आम्ही भाताची पेज वापरायचो, म्हणाली.

पण मी तिला मिठाईसाठी नेत नव्हतेच. बाबा गेल्यापासून तिने रांगोळी सोडली होती. एके काळी गल्लीतल्या प्रत्येक लग्नात पाटाभोवतीची रांगोळी तिच्या हातची असायची. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला मात्र ती वरच्या खोलीत जाऊन बसली. पाहुण्या गेल्या तेव्हा खाली आली आणि मुकाट्याने कप विसळायला लागली. मला रडू आलं आणि रागही आला. कुणी तिला नको म्हटलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं होतं. मी चांगली कडाकडा भांडले. "तुला नाही कळायचं," एवढंच तिचं उत्तर. मग मी तिला दर शनिवारी गाडीत घालायला लागले. घरात बसून ती आणखी मिटत जाईल अशी मला धास्ती होती.

अशाच एका शनिवारी आम्ही फॉल रिव्हरच्या एका छोट्या बेकरीत होतो. मी नाता नावाची त्यांची मिठाई खात होते. वरून डाग पडेपर्यंत भाजलेली, पापुद्र्यांच्या वाटीत थरथरणारी ती पिवळी गोडी तोंडात गेली की मला दुसरं काही सुचत नाही. समोर आई बिनदुधाची कॉफी घेऊन बसली होती. मलाच लाज वाटली, म्हणून काउंटरवरच्या बाईला विचारलं, बिनअंड्याचं काही आहे का? ती म्हणाली, आहे, माझ्या मुलाला अंडं सोसत नाही म्हणून सासूबाई सणासमारंभाची तांदळाची खीर तशीच करतात. आणि तिने आम्हाला थेट आत नेलं.

आत लांब टेबलावर खिरीच्या पसरट थाळ्या मांडल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांतली एक म्हातारी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून दालचिनीची पूड सोडत पांढऱ्या खिरीवर जाळी काढत होती. मग पानं, मग वेल. हात कुठे अडत नव्हता. आई जागच्या जागी थांबली.

"काळं का घातलंय विचार," ती म्हणाली.

मी विचारलं. नवरा गेला त्याला खूप वर्षं झाली, आम्ही आलो त्या पोर्तुगीज बेटावर बायका मग जन्मभर काळंच घालतात, असं म्हातारीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"आणि तिला हे चालतं?" आईने विचारलं.

मी तेही विचारलं. म्हातारीला प्रश्नच कळला नाही. मी परत, फोड करून सांगितलं: नवरा गेलेल्या बाईने सणासमारंभाच्या खिरीवर नक्षी काढलेली चालते का? ती माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. "मी नाही तर कोण काढणार?" ती म्हणाली. "हात माझा बसलाय."

मी ते मराठीत सांगितलं. आईने पर्स माझ्या खांद्याला अडकवली, कोपऱ्यातल्या सिंकवर हात धुतले, पुसले आणि एका कोऱ्या थाळीपुढे येऊन उभी राहिली. म्हातारीने दालचिनीची वाटी तिच्याकडे सरकवली.

पहिली पाकळी जाड झाली. ही पूड रांगोळीसारखी सुटत नाही, असं ती पुटपुटली. दुसऱ्या पाकळीला चिमूट सैल केली आणि मग रेघ दोऱ्यासारखी उतरायला लागली. कमळ पुरं झालं, भोवती वेल आला. म्हातारी हातातलं काम टाकून बघत होती. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी पुसलेही नाहीत.

ती थाळी घरी न्यायची म्हणून मी घाईघाईने पाकीट काढलं. आईने माझा हात धरला.

"इथेच राहू दे. पुढे काचेच्या कपाटात ठेवायला सांग तिला. लोकांना दिसू दे."