नर्सबाईवर उठलेल्या काठ्या

माझा धाकटा दीर करोनाने मेला. त्याची पोरं म्हणाली, नर्सने मारला. तिने सुई टोचली आणि थोड्याच दिवसांत बाप गेला, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आमच्या भावकीत दरवर्षी देवीला बोकड कापतात. त्या वर्षी गर्दी करायला बंदी होती आणि पोलिसांची गाडी मिरजगावच्या रस्त्याने फिरायची. देवीचं चुकवायचं नाही आणि पोलिसांना दिसायचंही नाही, म्हणून पुरुषांनी कांद्याच्या शेडात पंगत बसवली. दारं लावली, फटींत पोती कोंबली. पुण्याहून आलेला एक पाहुणा दिराच्या समोर बसून खोकत खोकत रस्सा ओरपत होता. आम्ही बायका बांधावर, उघड्यावर भाकरी थापत होतो. तिथंच जेवलो. पुरुषही बांधावर बसले असते, तर इतके आडवे झाले नसते. पोलिसांना भिऊन ते रोगाबरोबर कोंडून बसले.

चार-पाच दिवसांनी शाळेत लस आली. नर्सबाई प्रत्येकाला विचारत होती, ताप आहे का, घसा दुखतो का. दिराचा घसा बसला होता. ‘काय बी न्हाई,’ म्हणाला. खरं बोलला असता तर बोकडाची गोष्ट निघाली असती. त्याच बाटलीतली सुई मी घेतली, त्याच्या बायकोने, माझ्या जावेने घेतली. आमचे दंड दुखले, रात्री अंग तापलं, मग उतरलं. दिराचा ताप चढतच गेला. नगरच्या दवाखान्यात तो मेला. मढं घरी आलं नाही, तिकडंच जाळलं.

त्यानंतर नर्सबाई घरोघर ऑक्सिजन मोजायला आली. ती माझ्या घरात असताना बाहेर आरडाओरडा झाला. दोघे पुतणे तिची स्कूटी आडवी पाडून काठ्यांनी फोडत होते. मागे भावकीतले बघे. नर्सबाई धान्याच्या कोठीमागे दडली. मी दारात उभी राहिले.

‘मोठी आई, बाजूला हो,’ थोरला पुतण्या म्हणाला. त्याचा स्वतःचा खोकला अजून गेला नव्हता.

‘कशाला?’

‘तिनं आमचा बाप मारला.’

‘मंग मी कशी जिती? तुजी आई कशी जिती? सुई तीच हुती.’

‘तुमा बायकांना काय हुतंय! तुमी दगडाच्या.’

मागे कुणीतरी हसलं.

‘दगडाच्या न्हाई, भाईर जेवलो. शेडात जेवलेले किती आडवे झाले ते सांग की. त्यातल्या कितींनी सुई घेतली हुती? तुला कुटं टोचली हुती, तू का खोकतोयस?’

त्याने काठी घातली. मी हात आडवा धरला. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला आणि मी उंबऱ्यावर पडले. धाकटा मला ओलांडून आत घुसला. त्याने नर्सबाईला केसाला धरून ओढत आणलं आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिचा पांढरा कोट लाल झाला. बघणाऱ्यांतलं कुणी हललं नाही.

त्याची पोटरी माझ्या तोंडाशी होती. मी चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडली नाही. तो बोंबलला, त्याची पकड सुटली आणि नर्सबाई मागच्या दाराने पळाली. शेजारच्या मुसलमान टेम्पोवाल्याने तिला उचलून कर्जतला नेलं. डोक्याला टाके पडले, पण जगली.

हवालदाराने विचारलं, कुणी मारलं? मी दोघांची नावं सांगितली. जाऊ अंगणात येऊन ओरडली, ‘माझं कुंकू गेलं, आता पोरंबी आत घातलीस!’

‘व्हय, घातली,’ मी म्हणाले. ‘बाई मेली असती तर पोरं फासावर गेली असती.’

ती थुंकली आणि निघून गेली. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

पुढे आमच्या गावात सुई द्यायला कुणी येईना. दुसऱ्या डोसाला मिरजगावला जावं लागलं. माझा एक हात प्लास्टरात होता, दुसऱ्यात टोचून घेतलं. उठले तर रांगेत माझी जाऊ उभी. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसली, बाही वर केली आणि टोचून घेतलं.