ऐकू येतं, हे सांगताना

पोरीच्या डोक्यामागे मी तिसऱ्यांदा झांज वाजवली. मान हलली नाही.

नागपूरच्या पलीकडे, हिंदी राज्यातल्या सौंसरच्या शाळेत कानतपासणीचं शिबिर होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ऑडिओमेट्रिस्ट, म्हणजे कोणाला किती ऐकू येतं ते मोजणारा. समोर तीन वर्षांची सुमन, तिची आई शांताबाई आणि हिंदीत छापलेला फॉर्म. त्यात दोनच रकाने: 'मूक-बधिर' आणि 'मंदबुद्धि'. पहिल्यावर खूण केली की पोरगी आईला सोडून दूरच्या निवासी शाळेत जाणार होती. मी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात रस्त्यावरून पिंजारी निघाला. गाद्यांचा कापूस पिंजणारा हा माणूस गिऱ्हाइकासाठी ओरडत नाही, धनुकलीची तार वाजवत फिरतो. आवाज बारीकच होता. सुमन उठली आणि थेट दारात गेली. मी पिंजाऱ्याला तिथंच थांबून वाजवत राहायला सांगितलं. तो वाजवत होता, ती हलणाऱ्या तारेकडे पाहत होती.

"बेटा, इकडे पाह," तो म्हणाला. तिनं पाहिलं नाही. मागोमाग आलेल्या आईनं हाक मारली. तरी नाही.

कोर्सच्या पुस्तकात ऑटिझमवर एक परिच्छेद वाचला होता. अशा मुलाला ऐकू येतं. पण माणसाचा चेहरा, माणसाची हाक याकडे त्याचं लक्ष आपसूक वळत नाही. आपल्याला जे कोणी शिकवत नाही, ते त्याला शिकवावं लागतं.

मायलेकींना बाहेर थांबवून मी आत शिबिराच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते वैतागले. "ऐकू येतं ना? मग दुसऱ्या रकान्यात टिक करा."

"साहेब, तेही नक्की नाही. नागपूरला मुलांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो."

"द्या. बाहेर लाइन पाहा केवढी आहे."

दोन्ही रकाने कोरे ठेवून मी मोठ्या ऐटीत बाहेर आलो. "बाई, आनंदाची बातमी. तुमच्या पोरीला चांगलं ऐकू येतं."

शांताबाई पोरीशेजारी खाली बसली. "मंग थे माह्या हाकेले ओ काऊन नाही देत, साहेब? बहिरी हाये म्हणून मनाले समजावलं होतं म्या. ऐकून राहिली, अन् पाहून नाही राहिली... मी तिची कोनीच नाही काय?"

स्वतःचाच राग आला. शेजारी बसलो आणि जे ठाऊक होतं ते सांगितलं. यात तुमचं काही चुकलेलं नाही. मागून हाक मारू नका, तिच्यासमोर जमिनीवर बसा. तिच्या आवडीची वस्तू स्वतःच्या डोळ्यांजवळ धरा, मग नाव घ्या.

पुढच्या शिबिराला ती पोरीला घेऊन आली. मी विचारलं, "आता पाहते?"

"दिसातून एकडाव. कवा कवा तेही नाही." सांगताना ती हसत होती.

पोरीचे कान मी बरोबर तपासले होते. आईला मात्र आधी 'ऐकू येतं' एवढा अर्धाच निकाल सांगून मोकळा झालो. अर्धा निकाल सांगू नये.