खिडकीवर भरायचे पैसे

२०२३ साल. माझं वय सदुसष्ट. त्या वयातही मी बहारीनमध्ये, तुबलीच्या गॅरेजात पत्रा ठोकत होतो आणि कोणापुढे हात पसरत नव्हतो.

त्या साली माझा भाचा, धाकट्या बहिणीचा एकुलता मुलगा, विसा संपलेला असताना कामावर पकडला गेला. तुरुंगातून एकदाच त्याचा फोन आला. "मामू, फोनच्या कार्डात पैसे नाहीत. इथल्या खिडकीवर माझा कैदी नंबर सांगून भरा. अम्माशी मीच बोलतो." नंबर मी सिगारेटच्या पाकिटावर आपल्या मराठी आकड्यांत लिहून घेतला. तिसरीपर्यंतची शाळा तेवढीच कामाला येते.

खिडकीवर मी गेलो नाही. तिथे अरबी नाहीतर इंग्रजीत फॉर्म भरायचा असतो. चाळीस वर्षं या देशात काढून परक्या माणसाला "एवढं लिहून दे" म्हणायचं, ते माझ्या तोंडून निघत नाही. शिवाय तुरुंगाच्या दारात गावच्या कोणी पाहिलं तर, हेही होतंच.

म्हणून गावच्याच एका माणसाच्या हाती पैसे दिले. आम्ही रत्नागिरीकडचे लोक पैसे, सोनं, औषधं, सगळं असंच हाती धाडत आलो. पावती मागायची नसते. मागितली तर समोरच्याला चोर म्हटल्यासारखं होतं. हा म्हणाला, "चाचा, आत माझी वळख आहे. तुम्ही कशाला उन्हात मरता?" वीस दिनार दिले. आठवड्याने आणखी वीस.

तीन आठवड्यांनी गावाहून बहिणीचा फोन आला. मुलगा आत आहे एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "भाई, त्याचा आवाज नाही. लपवू नको. मेला असेल तर तिकडे पुरू नका, माझ्याकडे पाठवा."

त्याच संध्याकाळी नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर त्या माणसाला गाठलं.

"पैसे पोचले का?"

"पोचले असतील, चाचा. इंशाल्ला."

"इंशाल्ला उद्याच्या गोष्टीला म्हणतात. तू मागच्या महिन्याचं सांग. कोणाच्या हाती दिलेस?"

"होता एक. त्याची बदली झाली."

"नाव काय त्याचं?"

नाव सांगायचं सोडून वर मलाच शिकवतो, "एवढा भरोसा नव्हता तर पावती घ्यायची होती."

माझा हात उठला. दोघांनी धरला. त्यातला एक म्हणतो, "खलास, आता पुरे करा चाचा, गावची इज्जत जाते."

"जाऊ दे," मी म्हटलं. "चाळीस दिनारांत विकली त्याने."

त्या माणसाला मी आजही सलाम करत नाही. पण खोलीवर आलो तेव्हा खरी चीड आली ती माझी. मला लिहिता येत नाही हे एका कारकुनाला कळू नये, म्हणून माझी बहीण तीन आठवडे मुलाच्या मयताची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात कळवलं, पगार कापायचा तर कापा. टॅक्सी करून गेलो. खिडकीतल्या शिपायाने फॉर्म पुढे सरकवला. मी तो परत सरकवला. "मुझे लिखना नहीं आता. आप लिखो." मागची रांग ऐकत होती. ऐकू दे. नंबराचा एकेक आकडा सांगितला, त्याच्याकडून परत म्हणवून घेतला. भाच्याचं नाव म्हणवून घेतलं, तो आत धडधाकट आहे हे विचारून घेतलं. मग पैसे दिले आणि पावती मागितली. पावती हातात आल्यावर तिथेच भिंतीला टेकून बहिणीला फोन लावला आणि म्हटलं, "जिता आहे. आज फोन जवळून हलवू नको."