अंतऱ्यात थांबणारं गाणं

गाण्यावर जीव टाकणारी माणसं मी महाडपासून कशेडीपर्यंत पुष्कळ पाहिली. पण गाणं मध्येच तुटलं की ज्याचा चेहरा उजळतो, असा माणूस अख्ख्या खोऱ्यात एकच, आमचे पोलादपूरचे शेजारी चाचा. कुवेतला ट्रक चालवायचे. परतताना लोक सोनं आणत, यांनी अँप्लिफायर आणला आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. स्पीकरांना चाचींनी विणलेल्या जाळीच्या टोप्या. गाणं चालू असताना खोलीत पंखा बंद, बोलणं बंद, शिंक आलीच तर अंगणात. मी एकदा बिस्कीट चावलं, तर चाचांनी गाणं थांबवलं, माझं चावून होईपर्यंत शांतपणे वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आमच्याकडे पावसाळ्याआधी घरात आगोट भरतात: तांदूळ, कांदे, सुके बोंबील. चाचा गाण्यांची भरत. घरात कॉम्प्युटर आल्यावर सगळ्या कॅसेटी त्यांनी हार्ड डिस्कवर उतरवल्या, होत्या तशाच्या तशा. आता होत्या तशा म्हणजे कशा, ते सांगायला हवं. कुवेतच्या दिवसांत पत्राऐवजी आवाज टेप करून पाठवायची रीत होती. कोरी कॅसेट हाताशी नसली की चाची खुशाल चाचांच्या आवडत्या गाण्यावरच बोलत. त्यामुळे गाणं ऐन अंतऱ्यात तुटायचं आणि चाची म्हणायच्या, "आयकलंत का? वाऱ्यानं पडवीचा पत्रा उडाला. शेळी व्याली. तुमी जेवता काय नाय टायमावर?" मग खट् करून गाणं पुढे.

"मी हितं जितीजागती बसलेय, आन् ह्यांना माझा आवाज डब्यातून पायजे!" चाची करवादायच्या.

"तू आता भांडतेस गो," चाचा म्हणायचे. "टेपमदली विचारपूस करते."

त्यात आमच्याकडे ब्रॉडबँड आलं आणि मी तालुक्याचा शास्त्रज्ञ झालो. "चाचा, साठवताय कशाला? नेटवरून पाहिजे ते गाणं थेट वाहत येतं!"

"कशेडी घाटात दरड आली की ट्रक जाग्यावर उभे. तुझा माल काय उडत येतो रे?"

एका सकाळी चाचा कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, तापलेलं पोर आणावं तसा घेऊन दारात उभे. हार्ड डिस्क कुरकुरत होती. कॅसेटी बुरशी लागून केव्हाच गेल्या होत्या. जे काही होतं ते त्या डिस्कवरच. मी ऐटीत म्हणालो, "गेली तर जाऊ द्या. नेटवर सगळं आहे."

"सगळं?"

"सगळं!"

अंगणातून वायर ओढून, माझा कॉम्प्युटर त्यांच्या अँप्लिफायरला जोडून मी त्यांचं लाडकं गाणं लावलं. काय स्वच्छ वाजलं! मी कॉलर सरळ केली. अंतरा आला तसं चाचांनी बोट वर केलं, मान पुढे घातली. गाणं सरळ पुढे निघून गेलं. बोट वरच.

"अरे, ही कुठं गेली?"

"मी कुठं जाणार? हितंच हाय चुलीपाशी!" आतून चाची ओरडल्या. मी मोठ्यानं हसलो. चाचा हसले नाहीत. तेव्हा कुठं या शास्त्रज्ञाच्या डोक्यात उजेड पडला. तसाच डबा उचलून मी महाडला दुरुस्तीवाल्याकडे पळालो.

बरंचसं वाचलं. म्हशीचं आजारपण वाचलं, शेजारणीशी झालेलं भांडण वाचलं. पत्र्याचं आणि शेळीचं ते लाडकं गाणं तेवढं काही आलं नाही.

ते गाणं चाचा हल्ली नेटवरूनच ऐकतात. अंतरा आला की स्वतःच थांबवतात आणि बोट वर करून बसून राहतात. पहिले काही दिवस चाची आतून विचारायच्या, "काय झालं? लाईट गेली?" मग त्यांच्या ध्यानात आलं. आता त्या पदराला हात पुशीत दारात येतात. आवाज पहिल्यासारखा खणखणीत राहिलेला नाही.

"गोळी घेतलीत काय?"

"घेतली गो," चाचा म्हणतात आणि गाणं पुढे सुरू करतात. गोळी स्पीकरच्या टोपीवर तशीच असते. ती चाचींनाही दिसते. पण गाणं संपेपर्यंत त्या काही बोलत नाहीत.