हाकेला येईल त्याचं कुत्रं

लग्न होऊन हिंगणीला गेल्यावर कोकिळाबाईंच्या दारात माणसांपेक्षा कुत्रीच जास्त दिसत. पाहुणे दबकत आत येत आणि पुन्हा यायचं नाव काढत नसत. पण हे वेड सासरचं नव्हे. ते माहेराहून आंदण आलेलं होतं.

माहेरी कशाला तोटा नव्हता. वडील महादेवराव जिनिंगचे मालक. हंगामात अंगणात कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागे, दारात फियाट उभी असे. एकुलती एक कोकिळा नागपूरहून बी.ए. होऊन आली, तेव्हा आता हिनं घरात बसून चांगल्या स्थळाची वाट पाहावी, एवढीच आई आनंदाबाईंची इच्छा. पण बाईसाहेब लूनाला डबा अडकवून भर दुपारी गल्लोगल्ली हिंडायच्या. डब्यात शिळ्या पोळ्यांचा काला. कुत्र्यांना नावंही तिनंच ठेवलेली: तहसीलदार, मावशी, भजी, नवरदेव. लोक म्हणत, "पैसेवाल्याचे चोचले!" म्हणोत बापडे. कुत्र्यांनी कधी तक्रार केली नाही.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं दोघांना चावलं आणि पंचायतीत ठराव झाला: बेवारशी कुत्री धरून कोंडवाड्यात घालायची, कुणी सोडवली नाहीत तर विष. ठराव मांडणारे कोण, तर खुद्द महादेवराव! कोकिळा ढसाढसा रडली, मग डोळे पुसले आणि सकाळीच दमणीला बैल जुंपून स्वतः हाकत कोंडवाड्यावर गेली.

कोंडवाडा नत्थूजींच्या ताब्यात. तिथं एरवी गुरं असत. एकाच गोऱ्ह्यावर दोघांनी हक्क सांगितला, तर नत्थूजी दोघांना दोन कोपऱ्यांत उभं करून हाक मारायला लावत. जनावर जिकडं जाईल तो मालक. त्यांच्या बापापासून चालत आलेला हा निवाडा गावात कुणी मोडला नव्हता.

"काका, माझे कुत्रे न्यायले आली मी," कोकिळा म्हणाली.

"सगळेच तुमचे काय, बाई?"

"सगळे."

नत्थूजी मिशीत हसले. "मंग मारा हाक. येईन तो तुमचा."

"तहसीलदार!" कोकिळेनं आरोळी दिली, आणि एक ढब्बू पिवळं कुत्रं शेपूट हलवत ऐटीत फाटकाशी आलं. जमलेली माणसं पोट धरून हसली. मग मावशी आली, भजी आली, नवरदेव तर गर्दीतून उड्या मारत आला. दमणी भरत गेली, बैल फुरफुरायला लागले. पवनारच्या वाटेवर वडिलांचं वावर होतं, तिथं सगळ्यांना न्यायचं तिनं ठरवलं होतं. ती अशी खुशीत होती की केसांत चारा अडकलाय याचंही भान नव्हतं.

शेवटी एक उरली. कोपऱ्यात बसलेली काळी, लंगडी, पोटुशी कुत्री. ही कोकिळेच्या फेरीतली नव्हती. काळी, राणी, चंपा, सुचतील ती नावं घेऊन झाली, पोळी दाखवून झाली. कुत्रीनं मान फिरवली.

"नाई, बाई," नत्थूजी हळू आवाजात म्हणाले. "हे तुमाले वळखत नाई. उद्या सकाळी जाईन बिचारी."

"तिच्या पोटात पिलं हायेत, काका!"

"मले का हौस हाय? पण आज नेम मोडला, तं उद्या गुरांचे मालक माह्या डोक्शावर बसतीन."

कोकिळा तिथंच शेणामातीत फतकल मारून बसली. "मंग मीबी इथून हालत नाई."

तेवढ्यात फियाट येऊन थांबली. लेकीचा पराक्रम महादेवरावांच्या कानावर गेला होता. कडक इस्त्रीचं धोतर सावरत ते उतरले आणि कडाडले, "कोकिळे! लाज सोडली काय? चाल घरी!"

कोपऱ्यातल्या काळीचे कान उभे झाले. ती उठली, तीन पायांवर धावत फाटकातून सुटली आणि कुणाला काही कळायच्या आत महादेवरावांच्या धोतरावर दोन्ही पंजे टेकून उभी राहिली. शेपूट नुसती भिरभिरत होती.

"हट्! हट् म्हन्तो ना!" महादेवराव पुटपुटले. पण सवयीचा हात सदऱ्याच्या खिशात गेलाच, आणि बिस्कीट घेऊन बाहेर आला.

कोकिळा आ वासून बापाकडं पाहत राहिली.

"बाबा, तुम्ही?"

"पहाटे फिरायले जातो, तं मांगं लागते," महादेवराव खाली पाहत म्हणाले. "एखांदं बिस्कीट टाकतो."

"रोज?"

"रोज नाई..." त्यांनी खाकरून घेतलं. "म्हंजे, रोजच."

नत्थूजींनी अदबीनं हात जोडले. "मालक, तुमच्या हाकेले आली. आता हे तुमचीच."

महादेवरावांनी जमलेल्या माणसांकडं पाहिलं, मग पायाशी बसून बिस्कीट चावणाऱ्या काळीकडं. खाली वाकून त्यांनी तिला सांभाळून दोन्ही हातांवर उचललं. धोतराची पार माती झाली. कोकिळा दमणीकडं वळली तशी त्यांनी तिला थांबवलं.

"तिकडं नको वं, दमणीत हिसके बसतीन तिले. फियाटचं दार उघड."